तीस एस्कुदोंची नोट

आषाढातल्या संततधारेत जोयड्याच्या घरांमधल्या पेट्यांनाही बुरशी चढते. म्हणून एका उघडिपीच्या दुपारी मामांनी आपला नोटांचा संग्रह बाहेर काढला होता, तेव्हा भाच्याने आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली, कोपऱ्याला तांबूस डाग पडलेली एक पोर्तुगीज नोट त्यांच्यापुढे ठेवली.

मामा : बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेची, २ जानेवारी १९५९ ची. तीस एस्कुदोच का, याचा कधी विचार केलास?

भाचा : नाही. पण मामा, हा डाग पुसता येईल का?

मामा : आधी तीसचे ऐक. गोव्यात पूर्वी सोळा तांगांचा रुपिया चाले. तो मोडून एस्कुदो आणताना एका रुपियास सहा एस्कुदो असा भाव ठरला, म्हणून पाच रुपियांचे तीस झाले, दहाचे साठ आणि शंभराचे सहाशे. मुरगावहून येणारा लोहमार्ग १८८८ साली आपल्याच तालुक्यातल्या कॅसलरॉकला पोहोचला, आणि इंग्रजी मुलखाची हद्द तेथेच लागत असल्याने माणसांबरोबर पैसाही त्याच वाटेने ये-जा करी. परंतु तुझी नोट त्या गाडीने आलेली नव्हे! भारताने केलेल्या १९५५ च्या नाकेबंदीत ती वाहतूक बंद पडली, आणि नोट आहे त्यानंतरची. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर कोणा सोयऱ्याने आणून दिली असावी, असे मला वाटते. कागदावरची तारीख इतके बोलते, आणि तू डागाला धरून बसलास!

भाचा : नोट इतकी चांगली आहे, म्हणूनच तो डाग डोळ्यांत खुपतो.

मामा : चांगली म्हणजे किती? काठांना धरून उजेडाकडे तिरपी कर. मधोमध उभी घडी दिसते? कागदाचे तंतू तुटले की ती रेषा कायमची राहते. कधीही न दुमडलेली, करकरीत नोट ती अनसर्क्युलेटेड. एखादीच हलकी घडी पडली, तरी ती त्या पायरीवरून उतरली. पुढे एक्स्ट्रा फाइन, व्हेरी फाइन, फाइन अशा पायऱ्या आहेत, आणि परीक्षक सत्तर गुणांच्या मापानेही प्रत ठरवतात. टाचणीची भोके आपल्याकडच्या नोटांत फार. ती उजेडाआड धरल्यावरच दिसतात.

भाचा : घडीवरून इस्त्री फिरवली तर? आणि डाग पाण्याने...

मामा : हे मात्र कधी करू नकोस! इजिप्तच्या नॅशनल बँकेची एक पौंडाची नोट मी एका व्यापाऱ्याकडून कोरी म्हणून घेतली. घरी येऊन तिरप्या उजेडात धरली, तर उठावाची छपाई सपाट झालेली, कागद निर्जीव, आणि दाबलेल्या घडीची रेषा तशीच उभी. धुऊन इस्त्री केलेली नोट कोऱ्या नोटेच्या भावात विकणे हा मी दस्तऐवजातील फेरफारच मानतो, आणि त्या व्यवहाराचा संताप मला आजही आवरत नाही. पाण्याने कागदाची खळ जाते. आणि हा डाग तर टाचणीच्या गंजाचा, तो पाण्याने जाणारही नाही.

भाचा : म्हणजे पाकिटात घालून ठेवून द्यायची? प्लॅस्टिकचे आणू?

मामा : मऊ पीव्हीसीचे नको, ते कालांतराने चिकट होते. पॉलिएस्टरचे आण, आणि पावसाळ्यात कसर लागली की काय, ते पाहत राहा.

भाचा : आणि डाग तसाच?

मामा : तसाच. कोणीतरी ही नोट दुसऱ्या कागदाला टाचून जपली, एवढे तो डाग सांगतो. तो कागद ट्रंकेत शोधलास?

भाचा : नाही. तळाशी काही कागद होते, ते मी पाहिलेच नाहीत.

मामा : मग ऊठ. आणि ट्रंक उघडण्याआधी हात पुसून घे.