काच खाली जाते, वर येत नाही

प्रश्न : गाडीची मागची डावी काच खाली जाते, पण वर येत नाही. मेकॅनिक मोटर बदला म्हणतो. काय करू?

उत्तर : इतक्यात मोटर बदलू नका. खाली-वर दोन्हीकडे तीच मोटर उलटसुलट फिरते. ड्रायव्हरजवळच्या मुख्य स्विचने काच वर येते का पाहा. आली, तर दोष दाराच्या स्विचमध्ये. तिथूनही येत नसेल, तर रात्री आतला दिवा लावून बटण ओढा. दिवा मंदावला तर करंट पोहोचतोय. मग काच रबरात अडकली असेल किंवा मोटर थकली असेल. दिवा ढिम्म राहिला, तर आधी स्विच आणि वायरिंग तपासा. आपल्याकडे पावसात काच उघडी राहते, पाणी आत झिरपतं आणि तांब्याचे पॉइंट काळे पडतात.

दाराचा स्विच काढायला इग्निशन बंद करून प्लास्टिकच्या पट्टीने स्विचचं पॅनल अलगद उचला. वायरच्या कपलरची खिट्टी दाबूनच तो काढा, वायर कधीही ओढू नका. मागच्या उजव्या दाराचा स्विच बहुधा तसाच असतो. तो इथे लावून पाहा, खात्री फुकटात होते. नवा घेताना जुना सोबत न्या आणि पिना जुळवा. पॅनल बसवण्याआधी काच चालवून बघा. कॉन्टॅक्ट क्लीनरने थोडे दिवस निभतं. जळालेल्या पॉइंटवर मात्र तो पैसा वायाच जातो.