आंतरजालावरील मराठी कोश कसे पाहावेत?

आपल्या शाळेच्या ग्रंथालयात मराठी पुस्तके किती थोडी आहेत, हे येथील विद्यार्थ्यांस सांगावयास नको. महाराष्ट्रातील एखाद्या तालुक्याच्या गावी जो ग्रंथ सहज हाती येतो, तो आपल्या अन्नपूर्णा परिसरातील मराठी मुलाला पुण्याहून मागवून घ्यावा लागतो. आणि मागवावयाचा तरी कोणता, हे कळण्यासाठी तो आधी कोठे तरी दिसावा लागतो. कोशांची अडचण त्याहून मोठी. सात खंडांचा एक, तेवीस खंडांचा दुसरा, वीस खंडांचा तिसरा! हे विकत घ्यावेत तर पैसा हवा आणि मांडावेत तर भिंत हवी. सुदैवाने हे सारे कोश आज आंतरजालावर विनामूल्य वाचावयास मिळतात. ग्रंथालयात खिडकीजवळ जे संगणक आहेत, ते केवळ निकाल पाहण्यासाठी आणि अर्ज भरण्यासाठी ठेवलेले नाहीत. त्यांचा उपयोग मराठीच्या अभ्यासाला कसा करून घ्यावा, याविषयी चार गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत.

प्रथम या कोशांची ओळख करून घेऊ. जेम्स मोल्सवर्थ या इंग्रज अधिकाऱ्याने येथील पंडितांच्या साहाय्याने तयार केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली मुंबईस प्रसिद्ध झाला आणि त्याची सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली. यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आदींनी संपादिलेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत पुरा झाला. त्याची पुरवणी १९५० साली आली. हे दोन्ही कोश अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातील भाषांच्या आपल्या कोशसंग्रहात समाविष्ट केले आहेत. शिकागोतील एखाद्या गणकयंत्राला इंदुरातील मुलाने ‘वाकळ’ म्हणजे काय असे विचारावे आणि त्याने निमिषार्धात उत्तर द्यावे, ही गोष्ट आम्हांस अजूनही नवलाची वाटते. मुलांना मात्र तिचे काहीच वाटत नाही!

ज्ञानकोशांमध्ये डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा तेवीस खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ १९२० च्या दशकातला; आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सुरू झालेल्या ‘मराठी विश्वकोशा’चा पहिला खंड १९७६ चा. विश्वकोशाच्या नोंदीखाली बहुधा लेखकाचे नाव असते आणि संदर्भग्रंथही दिलेले असतात. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तो कोणीही लिहू शकतो आणि कोणीही दुरुस्त करू शकतो. याखेरीज ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या संस्थेच्या संकेतस्थळावर जुन्या छापील मराठी पुस्तकांची पानेच्या पाने छायाचित्ररूपाने पाहता येतात.

आता लेखनाकडे वळू. कारण बहुतेक मुले येथेच अडखळतात. रोमन अक्षरे दाबून मराठी उमटविण्याची सवय आज सर्वांना आहे. निरोप धाडण्यापुरती ती चालते. परंतु रोमनमध्ये ‘ल’ आणि ‘ळ’ यांना, ‘न’ आणि ‘ण’ यांना सहसा एकच अक्षर पुरते आणि निवड यंत्रावर सोपवावी लागते. यंत्र अंदाजाने जे पुढे करील ते आपण मुकाट्याने स्वीकारतो. म्हणून आमचा आग्रह असा की, ग्रंथालयात तरी ‘इनस्क्रिप्ट’ हा भारतीय कळफलक शिकावा. शासनाने तो १९८६ साली प्रमाण म्हणून ठरविला. त्याची रचना पाहिली म्हणजे व्याकरणाच्या शिक्षकाला मनापासून आनंद होतो! डाव्या हाताखाली स्वर आणि मात्रा, उजव्या हाताखाली बहुतेक व्यंजने. साधी कळ दाबली की अल्पप्राण आणि तीच कळ शिफ्टसह दाबली की महाप्राण. म्हणजे ‘क’च्या कळीवरच ‘ख’, ‘ग’वर ‘घ’, ‘प’वर ‘फ’. ‘ल’च्या कळीवर ‘ळ’ बसलेला आहे. ज्याने वर्णमाला नीट पाठ केली आहे, त्याला हा कळफलक अर्धा आधीच येत असतो. पंधरा दिवस रोज वीस मिनिटे बसल्यास हात वळतो, असा आमच्या वर्गाचा अनुभव आहे.

‘ऱ’ या अक्षराकडे विशेष लक्ष द्यावे. ‘आचार्यांनी’ आणि ‘आचाऱ्यांनी’ या दोन शब्दांत एका रफाराचे अंतर आहे. पहिल्यात विद्या देणारे आहेत, दुसऱ्यात स्वयंपाक करणारे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. कागदावर हात आपोआप योग्य खूण करतो. यंत्राला मात्र ‘र’ आणि ‘ऱ’ ही दोन निराळी अक्षरे म्हणूनच सांगावी लागतात. ‘ऱ’ उमटवावयाचा तर ‘र’ची कळ शिफ्टसह दाबावी, पुढे हलन्ताची खूण द्यावी आणि मग ‘य’ लिहावा.

एवढे साधले की शोध घेता येतो. पण इंदुरात राहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यापुढे एक अशी अडचण उभी राहते की जी पुण्याच्या विद्यार्थ्याला तितकीशी जाणवत नाही. मराठी, हिंदी, कोंकणी, नेपाळी आणि संस्कृत या सर्व भाषा देवनागरीत लिहिल्या जातात. शोधयंत्राच्या पेटीत आपण शब्द लिहितो तेव्हा तो कोणत्या भाषेतला, हे यंत्र अंदाजानेच ठरविते. हिंदी लिहिणारे पुष्कळ आणि आपण राहतो तेही हिंदी प्रदेशात. तेव्हा अंदाज सहसा हिंदीच्या बाजूने पडतो. नागरिकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने ‘शिक्षा’ हा शब्द घातला. त्याला गुन्हेगारास होणाऱ्या दंडाविषयी वाचावयाचे होते. समोर आल्या त्या शिक्षणखात्याच्या सूचना. मराठीत ‘चेष्टा’ म्हणजे थट्टा, हिंदीत प्रयत्न. मराठीत ‘संसार’ म्हटले की घरदार डोळ्यांपुढे येते, हिंदीत जग. ‘खाली’ हा शब्द तर दोन्हींकडे घटकोघटकी लागतो. आपल्याकडे तो तळाकडे बोट दाखवितो, तिकडे रिकामेपणाकडे. मुलगा घरी मराठी, रस्त्यावर हिंदी आणि पडद्यावर जे येईल ते वाचू लागला, म्हणजे हे भेद हळूहळू पुसट होतात. भाषा एका दिवसात जात नाही. ती अशी शब्दाशब्दाने पाझरून जाते. आम्हांस या अडचणीची जाणीव अधिक असावी याचे कारण असे की, आमच्या घरची बोली कोंकणी. पाण्याला घरी आम्ही ‘उदक’ म्हणतो. मराठीत तोच शब्द श्राद्धाच्या किंवा पूजेच्या वेळी निघतो. एकाच लिपीत लिहिलेला तोच शब्द उंबरठा ओलांडताच किती निराळा होतो, हे लहानपणापासून पाहिलेले आहे.

यावर उपाय आहे आणि तो कठीण नाही. एकटा शब्द पेटीत घालू नये. त्याच्यासोबत मराठीचा एखादा साक्षीदार द्यावा. ‘शिक्षा’ऐवजी ‘कायद्यातील शिक्षा म्हणजे काय’ असे लिहावे. ‘म्हणजे’ हा शब्द हिंदीच्या घरात जात नाही. शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत लिहावा. नको असलेला शब्द वगळावयाचा तर त्याच्या आधी, मध्ये जागा न सोडता, उणे चिन्ह द्यावे. शोधयंत्रापेक्षा सरळ कोशाच्याच संकेतस्थळावर जाऊन तेथील पेटीत शब्द घातला तर भाषेचा गोंधळ मुळातच उरत नाही. आमच्या मते शब्दाचा अर्थ पाहावयाचा असता नेहमी हाच मार्ग धरावा.

आपल्याच गावाचे उदाहरण घ्या. मराठीत आपण ‘इंदूर’ आणि ‘होळकर’ असे लिहितो. हिंदीत ‘इंदौर’ आणि ‘होलकर’ किंवा ‘होल्कर’. अहिल्याबाईंविषयी माहिती हवी असता या निरनिराळ्या रूपांनी शोध घेऊन पाहा. पुढे येणारी पाने पुष्कळ अंशी वेगळी असतील. मराठी पाने बहुधा चौंडीकडून, म्हणजे १७२५ साली जन्मलेल्या मुलीकडून निघतात. हिंदी पाने महेश्वराकडून, म्हणजे १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य करणाऱ्या राणीकडून. दोन्ही आपलीच. ज्याला दोन्ही भाषा येतात तो इंदूरचा विद्यार्थी येथे पुण्याच्या विद्यार्थ्याहून श्रीमंत आहे, हे विसरू नये.

जुन्या पुस्तकांच्या बाबतीत आणखी एक खुबी लक्षात ठेवावी लागते. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नवे लेखननियम आले. त्यापूर्वीच्या पुस्तकांत अनुच्चारित अनुस्वार असत. वा. वा. ठाकूर यांनी संपादिलेले होळकरशाहीच्या इतिहासाच्या साधनांचे खंड १९४० च्या दशकात इंदूरहूनच प्रसिद्ध झाले. त्या काळच्या मुखपृष्ठावर ‘साधने’ हा शब्द ‘साधनें’ असा असावयाचा. एक टिंब राहिले म्हणून हवे ते पुस्तक दृष्टीआड होऊ शकते. त्यातही छायाचित्रित पुस्तकांच्या याद्या करणाऱ्यांनी कित्येक मराठी नावे रोमन अक्षरांत, आणि तीही मन मानेल तशी, लिहून ठेवली आहेत. ग्रंथाचे नाव सापडत नसेल तर लेखकाच्या नावाने पाहावे. तेही न जमल्यास रोमनमधील दोन-तीन रूपे करून पाहावीत. येथे चिकाटीला पर्याय नाही.

आपल्या शेजारच्या उज्जैनला, विक्रम विद्यापीठात, १९५७ ते १९५९ या काळात ग्रंथालयशास्त्राचे थोर आचार्य डॉ. एस. आर. रंगनाथन अध्यापन करीत होते. वाचकाचा वेळ वाचविणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य आहे, असे त्यांनी आपल्या शास्त्राच्या सूत्रांतच बसविले. त्यांच्या वर्गीकरणाने लावलेल्या कपाटापुढे उभे राहिले की हव्या त्या पुस्तकाच्या दोन्ही बाजूंना त्याच विषयाची न मागितलेली पुस्तकेही दिसतात. शोधपेटीत तसे शेजारी नाहीत. आपण जो शब्द विचारू त्याचेच उत्तर मिळते. म्हणून ज्याच्यापाशी शब्द थोडे, त्याला आंतरजालही थोडेच दिसते. शब्द सुचत नसेल तर विश्वकोशातील नोंद आधी वाचावी, तीतील पारिभाषिक शब्द टिपून घ्यावेत आणि मग शोधास निघावे.

मिळालेली माहिती खरी कशावरून? हा प्रश्न छापील पुस्तकालाही विचारावयाचा असतो, पण पडद्याला तो अधिक वेळा विचारावा लागतो. ग्रहांचेच पाहा. केतकरांच्या कोशाचे खंड पुरे झाले त्यानंतर, म्हणजे १९३० साली प्लूटोचा शोध लागला. तेव्हा त्या खंडांत तो शोधून सापडावयाचा नाही. पुढे शहात्तर वर्षे पुस्तकांतून ग्रह नऊ होते. ऑगस्ट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने ग्रहाची व्याख्या ठरविली आणि ते आठ झाले. यांपैकी कोणत्याही कोशाने खोटे लिहिले नाही. प्रत्येकाने आपल्या काळापुरते खरे लिहिले. पडद्यावर मात्र तिन्ही सारख्याच ताज्या दिसतात, कारण पडद्याची पाने पिवळी पडत नाहीत. तेव्हा नोंद कोणत्या साली लिहिली गेली, हे आधी शोधावे. विकिपीडियावर लेखाच्या माथ्यावर ‘इतिहास’ दाखविणारा दुवा असतो. तो दाबला की कोणी, केव्हा, काय बदलले याची सबंध यादी उघडते. ‘चर्चा’ या पानावर मतभेद असतील तर तेही दिसतात. मुले हा दुवा उघडतच नाहीत. आमच्या दृष्टीने तो लेखाइतकाच वाचनीय आहे.

नोव्हेंबर २०२२ नंतर स्वतः उत्तर रचून देणाऱ्या यंत्रांचा सर्वत्र प्रसार झाला आहे. ती कधी कधी उत्तम समजावून सांगतात, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि, अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचे नाव अत्यंत सफाईने सांगण्याचे सामर्थ्यही त्यांच्यापाशी आहे. अशा यंत्राला ग्रंथाचे नाव विचारावे आणि मग तो ग्रंथ व ते पान प्रत्यक्ष पाहावे. पान सापडले नाही तर ते उत्तर वहीत उतरवू नये. वहीत टिपण घेताना संकेतस्थळाचे नाव, नोंदीचे शीर्षक आणि पाहिल्याची तारीख तिन्ही लिहावी. संकेतस्थळे बदलतात, क्वचित नाहीशीही होतात.

पालकांसही एक विनंती आहे. पुष्कळ घरांत आजी-आजोबांच्या तोंडी असे शब्द आहेत की ते मुलांच्या पाठ्यपुस्तकात नाहीत. कित्येक कुटुंबे चार-पाच पिढ्यांपूर्वी माळव्यात आली. कोणी देशावरून, कोणी कोकणातून, कोणी वऱ्हाडातून. त्यांच्याबरोबर शब्दही आले. दात्यांच्या कोशात अनेक शब्दांपुढे कंसात तो कोठे बोलला जातो याची खूण असते, कोकणासाठी ‘कों.’ आणि गोव्यासाठी ‘गो.’ या खुणा आम्ही पुष्कळदा पाहिल्या आहेत. मोल्सवर्थच्या कोशात कित्येक शब्दांपुढे तो संस्कृत, फारसी, अरबी की हिंदुस्थानी, हे दर्शविणारे अक्षर दिलेले असते. प्रत्येक विद्यार्थ्याने या सुटीत घरातील वडीलधाऱ्यांकडून न कळणारे दहा शब्द लिहून आणावेत आणि शाळा उघडल्यावर ग्रंथालयात बसून ते दोन्ही कोशांत पाहावेत. जे सापडतील त्यांच्यापुढे कोशातील अर्थ आणि प्रदेशाची खूण लिहावी. जे कोणत्याच कोशात सापडणार नाहीत, त्यांची यादी निराळ्या वहीत करावी, सोबत तो शब्द कोण म्हणते आणि कोणत्या वाक्यात म्हणते हे टिपावे, आणि ती वही ग्रंथपालांकडे द्यावी. तिच्यासाठी कपाटात जागा करून ठेवली आहे.