मुक्त न्यूट्रॉनचे आयुष्य

स्थिर अणुगर्भात सुखाने नांदणारा न्यूट्रॉन बाहेर पडला की सरासरी पंधरा मिनिटांच्या आसपास प्रोटॉन, इलेक्ट्रॉन व प्रतिन्यूट्रिनो यांत विघटित होतो. हा काळ नेमका किती? आकडा चुकला तर विश्वारंभी हेलियम किती निर्माण झाला, हा हिशेबही चुकतो.

आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना अचलपूरच्या उन्हाळ्यातला माठ ठाऊक आहे. तो किती पाझरतो हे खाली पडलेले थेंब मोजून कळेल, नाहीतर आत उरलेले पाणी मोजून. शास्त्रज्ञांनीही हेच केले.

पहिल्या रीतीत न्यूट्रॉनांच्या झोतातून निर्माण झालेले प्रोटॉन सापळ्यात धरून मोजतात. अमेरिकेत २०१३ साली उत्तर आले ८८७.७ सेकंद. दुसरीत अतिशीत न्यूट्रॉन कोंडून, काही वेळाने उरलेले मोजतात. भिंतीला लागून ते नाहीसे होऊ नयेत म्हणून लॉस अलामोसला चुंबकांचेच भांडे केले. वरून ते उघडे, कारण गुरुत्वाकर्षण हेच झाकण! तेथील २०२१ चे उत्तर ८७७.७५ सेकंद.

दहा सेकंदांची ही तफावत दोन्ही प्रयोगांच्या मान्य त्रुटींपेक्षा मोठी आहे. माठाचे काही पाणी थेंब न होताच उडून जाते. तसे काही न्यूट्रॉन प्रोटॉन न होताच नाहीसे होतात काय? की प्रोटॉनच मोजायचे राहतात? मला दुसरी शंका अधिक संभवनीय वाटते. जपानमधील प्रयोगात आता झोतातूनच, परंतु प्रोटॉनऐवजी इलेक्ट्रॉन मोजतात.