खासगी खिडकी आणि बाहेरून आलेला दुवा

गेल्या सत्रपरीक्षेच्या आधीची गोष्ट. माझ्या एका मैत्रिणीला अपस्माराचे निदान झाले होते आणि घरात ते फक्त आईला ठाऊक होते. दुसऱ्या एकीने तिला मोबाईलवर निरोपातून एका इंग्रजी लेखाचा दुवा पाठविला. हिने आधी ब्राउझरची खासगी खिडकी उघडून ठेवली, मग निरोपाकडे परत जाऊन दुव्यावर बोट टेकविले, लेख वाचला आणि निर्धास्त झाली. संध्याकाळी तोच मोबाईल धाकट्या भावाच्या हाती गेला. क्रिकेटचा धावफलक पाहण्यासाठी त्याने 'ई' हे इंग्रजी अक्षर दाबले मात्र, खाली अपस्मारावरील लेखाचे नाव हजर!

खासगी खिडकी उघडी असताना असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम ही खिडकी म्हणजे काय ते पाहू. सफारी या ब्राउझरने २००५ साली ती सोय आणली. क्रोमने २००८ मध्ये आणि फायरफॉक्सने २००९ मध्ये तिचे अनुकरण केले. या खिडकीत पाहिलेल्या पानांची यादी ठेवली जात नाही, आणि संकेतस्थळांनी ठेवलेल्या 'कुकी' नामक खुणा खिडकी बंद होताच पुसल्या जातात. उतरवून घेतलेली फाईल मात्र मोबाईलमध्येच राहते. म्हणजे हा आडपडदा मुख्यतः तोच मोबाईल हाताळणाऱ्या दुसऱ्या माणसापुरता आहे. आपल्याकडे एक मोबाईल घरातले तिघे-चौघे वापरतात, तेव्हा हा पडदाही काही थोडाथोडका नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एका अ‍ॅपमधील दुव्यावर आपण बोट ठेवतो, तेव्हा ते अ‍ॅप स्वतः ते पान उघडत नाही. 'हा पत्ता उघडा' एवढाच निरोप ते मोबाईलच्या कार्यप्रणालीला देते. कार्यप्रणाली तो नेमलेल्या ब्राउझरकडे पोचविते. त्या निरोपात पत्ता असतो. वाचणाऱ्याच्या मनातला संकोच नसतो. मग ब्राउझर पाहुण्याला आपल्या नेहमीच्या ओसरीवर बसवितो, शेजारची खासगी खोली उघडी असली तरी! माझ्या मैत्रिणीचे नेमके इथेच चुकले. खरे तर तिचे चुकले असे म्हणणेही अन्यायाचे आहे.

यावर उपाय आहेत. अँड्रॉइडवर फायरफॉक्स हा मुख्य ब्राउझर नेमला, तर त्याच्या सेटिंगमध्ये बाहेरचे दुवे खासगी टॅबमध्ये उघडण्याची सोय आहे. आयफोनवरील क्रोममध्ये, बाहेरून दुवा आला की तो साध्या टॅबमध्ये उघडू की खासगी, असे विचारण्याची सोय चालू करता येते. हे काहीच नको असेल, तर पत्ता कॉपी करून खासगी खिडकीत चिकटविणे हा जुना मार्ग कोठेही चालतो. मात्र फायरफॉक्सची सोय सरसकट आहे. महाविद्यालयाचा अर्ज असो की बँकेचे पान, सारेच दुवे खासगी खिडकीत उघडतात, तेथे आपण 'लॉग-इन' केलेले नसते आणि पुन्हा पुन्हा पासवर्ड द्यावा लागतो. हा जाच सोसून सोय चालू ठेवायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

शिवाय काही दुवे ब्राउझरपर्यंत पोचतच नाहीत. यूट्यूबचा दुवा बहुधा यूट्यूबच्याच अ‍ॅपमध्ये उघडतो आणि त्याच्या यादीत जाऊन बसतो. फेसबुक, इन्स्टाग्राम बाहेरची पाने स्वतःच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये दाखवितात. तेथे आपण केलेली सेटिंग लागू पडत नाही.

आणि दुवाही वाटतो तितका निष्पाप नसतो. फेसबुकवरून निघणाऱ्या दुव्याच्या शेपटीला 'एफबीसीएलआयडी' नावाची लांबलचक अक्षरमाला चिकटविलेली असते. आपण कोठून आलो याचा माग तिच्यावरून लागू शकतो. अ‍ॅपलच्या सफारीने २०२३ पासून खासगी खिडकीत अशा शेपट्या छाटण्यास सुरुवात केली, पण सगळेच ब्राउझर तसे करीत नाहीत. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीलाही आपण कोणत्या संकेतस्थळाकडे गेलो हे सामान्यतः कळतेच. पत्ता 'एचटीटीपीएस'चा असेल, तर आतले पान तेवढे झाकलेले राहते.

पुष्कळांना हे ठाऊक नसते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिकागो व हॅनोव्हर येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी ४६० जणांना प्रश्न विचारले. गूगलच्या खात्यात लॉग-इन केलेले असले, तरी खासगी खिडकीतला शोध नोंदला जात नाही, असे त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना वाटत होते! अमेरिकेत गूगलवर याच खिडकीवरून २०२० मध्ये दावा झाला. २०२४ च्या तडजोडीत गूगलने अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे आणि खिडकीवरील सूचना अधिक स्पष्ट करण्याचे मान्य केले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, हे राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नकोच. तो हक्क मुख्यतः शासनापासून संरक्षण देतो. धाकट्या भावापासून वाचवायला सेटिंगच लागते.

मैत्रिणीने फायरफॉक्सची ती सोय आता चालू केली आहे. परवा मी सहज विचारले, "आणि तो दुवा ज्या निरोपातून आला, तो कुठे आहे?" तिने मोबाईल काढला. निरोप जागच्या जागी होता, लेखाच्या शीर्षकासकट.