ब्रेकचा आवाज

जानेवारी महिना होता. परभणीत कडाक्याची थंडी पडली होती. आमच्या जिल्ह्यात हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंशांच्याही खाली उतरतो.

सकाळी आम्ही मोटारीने जिंतूरला खालाजानकडे निघालो. ब्रेक दाबताच 'खर्र' असा आवाज आला. "थंडीमुळे येतो," अब्बा म्हणाले. पण पुढे प्रत्येक चौकात 'चीं' असा आवाज येतच राहिला. अब्बांनी गाडी गॅरेजकडे वळवली.

मिस्त्रीचाचांनी चाक खोलले. ते म्हणाले, "रात्री दव पडते. लोखंडी डिस्कवर गंजाचा पातळ थर येतो. दोनचार वेळा ब्रेक दाबला, की तो निघून जातो व आवाज थांबतो. त्याची भीती नाही. पण न थांबणारा आवाज वेगळा! हे पाहा, पॅड झिजले आहेत. ही धातूची पट्टी डिस्कला घासून आपल्याला सावध करते. पॅड पूर्ण संपले असते, तर गाडी वेळेवर थांबली नसती."

अम्मींनी धाकट्या भावाला जवळ घेतले.

नवे पॅड बसवून आम्ही निघालो. जिंतूर रस्त्यावर अचानक एक बकरी आडवी आली. अब्बांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, आवाज न करता.

"मी उगीच थंडीला दोष देत होतो," अब्बा म्हणाले.

शब्दार्थ : दव – शबनम, गंज – जंग, झिजणे – घिसना, सावध करणे – खबरदार करना.

स्वाध्याय
१. डिस्कवर गंज का येतो?
२. कोणता आवाज धोक्याचा असतो?
३. 'दोष देणे' याचा वाक्यात उपयोग करा.