नाव ठेवण्याची घाई

खांदेमळणीच्या दिवशी मी आणि पोरानं बैल पूर्णेच्या पाण्यात धुतले. मानेखालचे, जांघेतले गोचीड एकेक करून वेचले, खांद्यांना तूप-हळद चोळली. मोत्या काठावर बसून बघत होता. सात वर्षं घराची राखण करणाऱ्या या कुत्र्याचा कान उलटून बघावा, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. येलदरीतलं आमचं घर धरण झालं त्या सुमाराचं, म्हणजे 1968 च्या आसपासचं. भिंती दगडमातीच्या, जागोजागी भेगा. त्या भेगांचा या गोष्टीशी फार जवळचा संबंध आहे, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

पोळा झाला आणि मोत्या मागचा पाय उचलून चालायला लागला. मी म्हणालो, लचकला असेल. आई म्हणाली, नजर लागली. शेजारचे काका म्हणाले, वात आहे. आजाराला तीन नावं मिळाली, पण ताप कुणी मोजला नाही. मी माझंच नाव खरं धरलं आणि माझ्या पाठदुखीसाठी आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी भाकरीत घालून त्याला चारली. दोनदा.

तिसऱ्या दिवशी त्याची शी डांबरासारखी काळी झाली. नाकातून रक्ताची धार लागली. ओठ उचलून बघितला, तर हिरड्या पांढऱ्याफटक.

डॉक्टरांनी रक्ताचा थेंब काचेवर पसरला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि मगच नाव घेतलं: गोचीड ताप. कुत्र्याच्या गोचिडांमधून एर्लिशिया नावाचा सूक्ष्म जिवाणू रक्तात शिरतो. ताप येतो, सांधे दुखतात, म्हणून जनावर लंगडतं. रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी होतात. अशा वेळी माणसाची वेदनाशामक गोळी पोटात गेली की आतड्याला जखमा होतात आणि रक्त थांबत नाही. आजार गोचिडांनी दिला होता, पण त्याला मरणाच्या दारात मी नेलं. परभणीला पशुवैद्यक महाविद्यालय 1972 पासून आहे, जिंतूर तर त्याहून जवळ. तरी डॉक्टर गाठायला मला तीन दिवस लागले.

याच धामधुमीत पोरानं शेजारच्या आखाड्यावरून महिना-सव्वामहिन्याचं कुत्रीचं पिल्लू उचलून आणलं. मोत्या गेला तर घर सुनं नको, असा त्याचा हिशेब. पिल्लाचं नावही त्यानं ठरवलं होतं: मोत्या. मादी आहे हेसुद्धा बघितलं नव्हतं. बायको कडाडली, "आरं, तो अजून जिता हाय की!" मग ठरलं, मोत्याचं काय ते कळेपर्यंत नाव ठेवायचंच नाही. आजारी कुत्र्याजवळ जाऊ नये म्हणून जो तो पिल्लाला "हाड!" म्हणायचा. आठवडाभरात "हाड" म्हटलं की ते शेपूट हलवत पळत यायला लागलं. नाव आम्ही ठेवलं नाही, तर त्यानं स्वतःच ते धरलं.

यातून जे शिकलो, ते सांगतो.

कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं, 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट. हात लावून ताप कळत नाही; गुदद्वारात थर्मामीटर धरूनच कळतो. हिरड्या मात्र रोज बघता येतात. गुलाबी असाव्यात, पांढऱ्या दिसल्या तर त्याच दिवशी निघा. माणसाची एकही गोळी देऊ नका. मोत्याच्या औषधाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. कुणीतरी दुकानातून आणून अंदाजानं देईल.

औषध 28 दिवसांचं होतं. पाचव्या दिवशी मोत्या भाकरी मागायला लागला आणि आम्हाला वाटलं, झालं. बायकोनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारली, म्हणून औषध पुरं झालं.

हा आजार चाटून किंवा एका ताटात खाऊन होत नाही. पिल्लाला मोत्यापासून नव्हे, भिंतीपासून जपायला हवं होतं. गोचीड रक्त पिऊन खाली गळतात, भेगांत शिरतात, मादी तिथं हजारांनी अंडी घालते. आम्ही भेगा लिंपल्या, जुनं पोतं जाळलं. बैलांवर मारायचं औषध कुत्र्यावर मारू नका. तो अंग चाटतो. रॉकेल नको, काडीचा चटका नको. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. बोटांनी चिरडू नका.

पिल्लू आणलं की पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, पुढच्या मात्रा दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईपर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास. आणि नाव पहिल्याच दिवशी ठेवा: छोटं, घरातल्या दुसऱ्या कुत्र्याच्या नावाशी न जुळणारं.

आमच्याकडे ते आईनं ठेवलं. आधी म्हणाली, "धोंडी म्हना." लेकरं जगत नसली की नजर लागू नये म्हणून धोंडू, दगडू अशी नावं ठेवायची जुनी रीत. पोरगं रुसलं. मग तिनं पिल्लाच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "टिकली म्हना मंग. दिसाया टिकली, अन् जगाया बी टिकली."

"हाड" विसरायला तिला पंधरा दिवस लागले. मोत्याचं वजन अजून पूर्वीसारखं भरलेलं नाही. दर रविवारी बैल धुवून झाले की पोरगा दोघांचे कान उलटून बघतो, आधी मोत्याचे.