फिरते ग्रंथालय आणि शालेय वाचक

प्रस्तावना

ग्रंथालय म्हटले की आपल्यासमोर इमारत उभी राहते. प्रस्तुत घटकात वाचकाकडे स्वतः जाणाऱ्या ग्रंथालयाचा विचार करावयाचा आहे.

विषय विवेचन

भारतात ही कल्पना व्यापक प्रमाणावर राबविली ती बडोदे संस्थानाने. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटल्यावर वाचावयास काहीच नसेल, तर झालेली अक्षरओळख पुसली जाते. म्हणून शिक्षणाला ग्रंथालयाची जोड देण्यासाठी त्यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण केले. पुढे पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगावी जाऊ लागल्या. वाहतुकीचा खर्च संस्थान सोशी. वाचून झालेली पेटी परत येई आणि दुसरी मिळे. १९३१ मध्ये तमिळ प्रदेशात मन्नारगुडी येथे बैलगाडीतून पुस्तके फिरली.

येथे देणगी आणि सेवा यांतील भेद लक्षात घ्यावा. एकदाच मिळालेली पुस्तके बहुधा कपाटात राहतात. फिरत्या ग्रंथालयाचे बळ ठरल्या दिवशी पुन्हा येण्यात आहे. पुस्तक बदलून मिळणार, या खात्रीने मूल हातातले पुस्तक वाचून संपविते.

चंदगड तालुक्याचे उदाहरण घेऊ. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्ये देशातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा केला. परंतु चंदगड तेव्हा बेळगाव जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते कोल्हापूर जिल्ह्यात आले. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाची व्याप्ती राज्यभर आहे. तथापि कायदा पोहोचला म्हणजे पुस्तक पोहोचले, असे नव्हे. सह्याद्रीच्या कुशीतील विखुरलेल्या वाड्या आणि मुसळधार पावसाळा यांमुळे लहान मुलाने तालुक्याच्या गावी जाऊन पुस्तक आणणे कठीण असते.

शिवाय येथे भाषेचाही प्रश्न आहे. घरी चंदगडी बोली बोलणाऱ्या मुलाला छापील मराठी प्रामुख्याने पाठ्यपुस्तकातून भेटते. साहजिकच ती परीक्षेची भाषा वाटते. तीच भाषा गोष्टीच्या पुस्तकातून भेटली, तर ती कुतूहलाची आणि आनंदाची होते. म्हणून पेटीत कोणती पुस्तके असावीत, हा मराठीच्या अभ्यासकाचाही प्रश्न ठरतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. पुस्तकांची देणगी आणि फिरते ग्रंथालय यांतील भेद स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एका शाळेसाठी वीस पुस्तकांची पेटी सुचवा व निवडीची कारणे लिहा.